स्कुपोलीचा ‘आध्यात्मिक संग्राम’ : स्वबलाचा अविश्वास आणि ईश्वरी बळ

ख्रिस्ती धर्मजीवनाला युद्धाचे रूपक प्रारंभापासून परिचित आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात कमरपट्टा, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण व तलवार अशी सैनिकाची सामग्री वर्णिली आहे. परंतु ती सामग्री देवाची आहे, सैनिकाने ती केवळ धारण करावयाची आहे. लढणारा मनुष्य आणि बळ देवाचे, असे असेल तर मनुष्याच्या वाट्यास नेमके कोणते कार्य उरते? सोळाव्या शतकात या प्रश्नाला विशेष धार आली. कृपेवाचून मनुष्य स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरत नाही, तथापि त्याची इच्छाशक्ती कृपेला साथ देऊ शकते, असा निर्णय ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये दिला. हा निर्णय नित्याच्या साधनेत कसा उतरवावा, हे सांगणाऱ्या ग्रंथांत लोरेन्झो स्कुपोलीच्या ‘आध्यात्मिक संग्राम’ या इटालियन पुस्तकाचे स्थान अग्रभागी आहे.

१५३० च्या सुमारास ओट्रांटो येथे जन्मलेला स्कुपोली १५६९ मध्ये नेपल्स येथे थिआटिन संघात दाखल झाला. १५२४ मध्ये स्थापन झालेल्या या संघाने निश्चित उत्पन्न ठेवावयाचे नाही, भिक्षाही मागावयाची नाही आणि निर्वाहाचा भार ईश्वरी तरतुदीवर सोडावयाचा, असे व्रत घेतले होते. (जुन्या गोव्यातील सेंट कजेटनचे चर्च याच संघाने सतराव्या शतकात उभारले, तेही ईश्वरी तरतुदीच्या मातेच्या नावे आहे.) १५८५ मध्ये संघाच्या सभेने स्कुपोलीस एक वर्षाचा कारावास दिला आणि याजकपद काढून घेऊन त्याला सामान्य बंधूंच्या श्रेणीत ठेवले. आरोप कोणता होता, हे इतिहासाला अज्ञातच राहिले. ही शिक्षा आयुष्याच्या अगदी अखेरीस दूर झाली. १६१० मध्ये नेपल्स येथे तो निवर्तला.

पुस्तक १५८९ मध्ये व्हेनिस येथे निघाले, तेही निनावी. आरंभी त्यात २४ प्रकरणे होती. पुढे ती ६६ झाली. शिक्षेनंतर चारच वर्षांनी ते प्रसिद्ध झाल्यामुळे त्यास आत्मचरित्र मानण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण ग्रंथात कैफियतीचा सूर नाही.

स्कुपोली चार शस्त्रे सांगतो : स्वतःविषयी अविश्वास, ईश्वरावर भरवसा, मनःशक्तींचा अभ्यास आणि प्रार्थना. हा क्रम सहेतुक आहे. पहिले शस्त्र एकटेच हाती धरले तर साधक पळ काढील किंवा शत्रूकडून पराभूत होईल. म्हणून दुसरे त्यास जोडलेलेच हवे. पण आपण ईश्वरावर विसंबलो आहोत की स्वतःवर, हे ओळखावे कसे? येथे स्कुपोलीची सूक्ष्म दृष्टी प्रकट होते. पतनानंतर मन किती खचते, हीच त्याची कसोटी. जो अतिशय अस्वस्थ व निराश होतो, त्याचा भरवसा मुळात स्वतःवरच होता. ज्याला आपल्या दुर्बलतेची ओळख आहे, त्याला दुःख होते, पण विस्मय होत नाही, आणि तो शांतपणे पुन्हा युद्धास उभा राहतो. सामान्यतः पश्चात्तापाची खूण मानली जाणारी खिन्नता येथे अहंकाराची खूण ठरते. मनुष्याच्या वाट्यास उरणाऱ्या कार्याचे उत्तरही यातच आहे : लढणे थांबवावयाचे नाही, लढण्याचे श्रेय मात्र सोडावयाचे. निष्क्रियतेचा आरोप या ग्रंथावर टिकत नाही, कारण तिसरे शस्त्र निव्वळ परिश्रमाचे आहे.

पाडुआ येथे शिकत असताना फ्रान्सिस द सेल्स याला हे पुस्तक एका थिआटिन धर्मगुरूकडून मिळाले, आणि पुढे कित्येक वर्षे तो ते खिशात बाळगीत असे. याहून लक्षणीय प्रवास पूर्वेकडचा आहे. आथोस पर्वतावरील संन्यासी निकोदेमस (१७४९–१८०९) याने ‘अदृश्य युद्ध’ या नावाने त्याचे ग्रीक रूप सिद्ध केले व ते १७९६ मध्ये व्हेनिस येथेच छापले गेले. मूळ लेखकाचा उल्लेख केवळ ‘एक ज्ञानी पुरुष’ असा आला. ऑर्थोडॉक्स मठांत लॅटिन पंथीयाचे नाव चालणे कठीणच होते. निकोदेमसने पवित्र शास्त्रातील व धर्मपित्यांचे आधार जोडले आणि कल्पनाचित्रांवर आधारलेल्या ध्यानाच्या जागी येशूनामाच्या हृदयप्रार्थनेस प्राधान्य दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील एकांतवासी बिशप थिओफान (१८१५–१८९४) याने तर कितीतरी भाग नव्यानेच लिहिला. तथापि स्वतःविषयी अविश्वास, ईश्वरावर भरवसा व त्यांची कसोटी ही दुसरे, तिसरे व चौथे प्रकरण व्यापणारी मांडणी दोघांनीही त्याच क्रमाने राखली. शतकानुशतके परस्परांस पाखंडी मानणाऱ्या दोन पंथांतील साधक अशा रीतीने युद्धशास्त्राचे पहिले पाठ एकाच निनावी इटालियनाकडून घेत राहिले. पूर्वेकडील बहुसंख्य वाचकांस मात्र त्याची वार्ता नव्हती.