भिवंडीचं ग्रे कापड आणि कीवर्डचा हिशेब

संकेतस्थळावर ‘भिवंडी कापड स्वस्त’ हेच शब्द पुन्हा पुन्हा लिहिले की गूगलवर आपण वर येतो, ही समजूत भिवंडीच्या धंद्याचा इतिहासच खोडून काढतो. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी इथे हातमाग रुजवले, विसाव्या शतकात यंत्रमाग आले; पण इथलं बरंचसं ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, कापड रंगाई-छपाईसाठी बाहेर जातं आणि दुसऱ्याच्या नावाने विकलं जातं. ओळख टिकली ती मोजमापात. ‘६० × ६०, ९२ × ८८’ म्हटलं, की ताणा आणि बाणा दोन्ही ६० काउंटचे (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप), इंचाला ताण्याचे ९२ धागे आणि बाण्याचे ८८, हे जाणकाराला लगेच कळतं. खरे कीवर्ड हेच! गावाचं नाव सारखं घातलं नाही तर गिऱ्हाईक येईल कसं, असं कुणी विचारेल. शंका रास्त आहे. नाव शीर्षकात आणि पत्त्यात हवंच. पण मजकूर तपासताना शब्द किती वेळा आला यापेक्षा सूत, पन्हा, वजन लिहिलंय का, हे आधी बघावं. कीवर्डांची यादी देणारा मेटा टॅग क्रमवारीसाठी वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं, आणि शब्दांचा भडिमार तर त्यांच्या नियमांत स्पॅम ठरतो.