व्हिनेगर, बीपी आणि हाताचा पट्टा

आजच्या भागाचा विषय तुमच्या फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेल. रोज सकाळी कोमट पाण्यात दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर घ्या, बीपीची गोळी कायमची बंद. आणि खाली ठळक अक्षरांत, ‘हजारो वर्षांचा उपाय’. माझ्या बाबांनाही बीपीची गोळी चालू आहे, म्हणून हे शेवटचं वाक्य मी जरा खणून पाहिलं.

व्हिनेगर जुनं आहे, यात वादच नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत मध आणि व्हिनेगरचं मिश्रण येतं, त्याला ऑक्सिमेल म्हणत. पण ते देत कशाला? तर छातीतला कफ सुटावा म्हणून. बीपीसाठी देणार तरी कसं? बीपी मोजता येतं हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं!

१७३३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने आपला एक प्रयोग छापला. घोडीच्या धमनीत नळी बसवली, तर रक्त आठ फुटांच्या वर चढलं. आता हे माणसावर कोण करणार? हाताला पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजायची सोपी पद्धत इटलीच्या रिवा-रोच्चीने १८९६ मध्ये दिली. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हने त्याला स्टेथोस्कोप जोडला आणि वरचा-खालचा असे दोन्ही आकडे मिळू लागले. म्हणजे १२०/८० ही भाषाच जेमतेम सव्वाशे वर्षांची.

मग व्हिनेगर बीपीपर्यंत पोचलं कसं? त्यात मोठा वाटा अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डॉ. डी. सी. जार्व्हिस यांचा. १९५८ मधलं त्यांचं ‘फोक मेडिसिन’ हे पुस्तक तुफान खपलं. मध आणि सायडर व्हिनेगर, जवळपास प्रत्येक दुखण्यावर! आधार होता तो गावकऱ्यांच्या अनुभवांचा.

आता गंमत बघा. त्याच्या नऊ वर्षं आधी आपल्या मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनीही एक देशी औषधच हातात घेतलं होतं, सर्पगंधा. पण त्यांनी ५० रुग्णांना ते देऊन बीपीचे आकडे नोंदवले आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरात आलं. पुढे काही रुग्णांमध्ये नैराश्य दिसलं, तेही नोंदलं गेलं. मग आणखी चांगली औषधं आली आणि रेसर्पिन मागे पडलं.

मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. घरगुती उपायाला कुणी हसलं नाही, फक्त पट्टा बांधून तपासलं. व्हिनेगरचंही तपासलंय. २००१ मध्ये जपानमध्ये बीपी असलेल्या उंदरांवर थोडा फरक दिसला. पण माणसाची गोळी बंद करावी इतका पुरावा त्यातून मिळत नाही.

आणि बीपी वाढलं तरी बहुतेक वेळा काही जाणवत नाही. गोळी सोडलेला माणूस ‘मला तर बरं वाटतंय’ म्हणत राहतो आणि आतून मेंदूवर, किडनीवर ताण येत असतो. म्हणून ग्रुपवर भांडू नका. घरी मशीन असेल तर रोजचे आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. व्हिनेगर सॅलडवर खुशाल घाला, गोळीच्या जागी मात्र नको.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!