करवंदाची जाळी कुणाची?

एप्रिल लागला की कासारसाईपासून पुढे मुळशी-मावळच्या डोंगरांवर करवंदं काळी व्हायला लागतात. कातकरी, ठाकर बायका काट्यांत हात घालून, बोटांना लागलेला चीक पुसत ती खुडतात आणि पानांच्या द्रोणातून रस्त्याकडेला विकतात. करवंद कुणी पेरलेलं नसतं, कुणी त्याला पाणी घातलेलं नसतं. मग ते कुणाचं?

हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजांनी आणला. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित अशी वर्गवारी झाली. १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येत तर जंगलातली पानं, फुलं, फळंसुद्धा ‘वनोपज’ ठरली आणि राखीव जंगलातून ती परवानगीशिवाय उचलणं गुन्हा झाला. म्हणजे कागदोपत्री टोपलीभर करवंदंही चोरीची!

याची झळ सर्वांत आधी कुणाला लागली, हे महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच सांगितलं होतं. तुटपुंज्या शेतीचा कुणबी पूर्वी रानातली फळं खाऊन, पानं-फुलं आणि लाकूडफाटा विकून तगून राहायचा. जंगल खात्याने तो आधारच काढून घेतला, ही त्यांची तक्रार होती.

पुढे १९२१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन करवंदांच्या दिवसांत, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते. तिथे वाद जमिनीचा होता, आणि जमिनीला निदान कागद असतो. करवंदाच्या जाळीवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या बाईकडे कसला कागद असणार?

फिनलंड-स्वीडनच्या थंड जंगलांत निळी-काळी बिलबेरी अशीच आपोआप उगवते. तिथे जंगल खासगी मालकीचं असलं तरी रानफळं कुणीही वेचू शकतो. हा जुना रिवाज स्वीडनने १९९४ साली राज्यघटनेतही नोंदवला. मालकी एकाची आणि फळ सगळ्यांचं, यात त्यांना काही विपरीत वाटत नाही.

आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींचा हक्क मान्य केला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक हक्क मिळवून दाखवला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला.

पण हा कायदा वनजमिनीपुरता. हिंजवडीच्या आयटी पार्कच्या परिसरात टेकड्यांचे प्लॉट पडतात, तारेचं कुंपण येतं, आणि सपाटीकरणात जाळी सर्वांत आधी उखडली जाते. इंग्रजांच्या कायद्याने फळ तोडणं गुन्हा ठरवलं होतं, झाड तरी जागेवर होतं. आता झाडच जातंय, आणि त्या बाईने दाद मागायची ती कुणाकडे?

पुढच्या वेळी करवंदांचा द्रोण घेताना घासाघीस करू नका. त्या काळ्या फळामागे दीडशे वर्षांचा हिशेब थकलेला आहे.