मागे बांधलेली जीप

जीपमध्ये बसणाऱ्याचं लक्ष गिअरच्या दांड्याकडे असतं. आम्हा मेकॅनिकांचं त्याच्या शेजारच्या दोन बुटक्या दांड्यांकडे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला त्या होत्या, ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या. एकीने पुढचा अ‍ॅक्सल जोडायचा-सोडायचा, दुसरीने हाय, लो किंवा न्यूट्रल. ट्रान्स्फर केस न्यूट्रलला टाकली की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. नुसता गिअरबॉक्स न्यूट्रलला ठेवून गाडी लांब ओढली, तर मेनशाफ्ट फिरतो, पण तेल उडवणारा लेशाफ्ट थांबलेला असतो. बेअरिंग कोरडी पडून जळतात.

युद्धानंतर अमेरिकेत लष्करी जिपा सामान्यांच्या हाती आल्या. 1948 साली आर्थर वॉर्न यांनी त्या जिपांसाठी लॉकिंग हब काढले. हब मोकळे केले की पुढची चाकं तेवढी फिरतात, अ‍ॅक्सलचे शाफ्ट स्वस्थ राहतात. 1966 पासून विनेबागो कंपनी मोटरहोम, म्हणजे चालती-फिरती घरं, बनवू लागली. मोठं घर तळावर उभं करून बाजारहाटाला, डोंगरात जायला छोटी गाडी हवीच; म्हणून टो-बारने जीप मागे जोडायची चाल तिकडे रुळली.

आपल्याकडे 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जोडायला घेतली. पुढे जीप वडापला लागली, शेतावर गेली. ती ओढली जायची फक्त बंद पडल्यावर. दोर, मागच्या गाडीत जाणता माणूस, आणि हलका ब्रेक देत दोर ताणलेला ठेवायचा. लांबचा पल्ला असला तर आम्ही मागचा प्रोपेलर शाफ्टच सोडवायचो.

1989 च्या वाहतूक नियमावलीनेही ओढायची मुभा दिली ती मुख्यतः नादुरुस्त किंवा अर्धवट जोडणी झालेल्या गाडीला. अंतर 5 मीटरच्या आत, वेग ताशी 24 किलोमीटर, पाठीवर ‘ऑन टो’ची पाटी. धडधाकट गाडी हौसेने मागे बांधावी, हे त्यात बसतच नव्हतं.

नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन मी मुलाकडे, बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहायला आलो. परवा शेजारचा पुण्याचा मुलगा विचारत होता, “काका, कॅरॅव्हॅनमागे थार बांधून कोकणात नेली तर?” महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे हा प्रश्न आता आणखी लोक विचारतील. मी म्हटलं, “दांडी न्यूट्रलला जाते म्हणून ओढायचा परवाना मिळत नाही. आधी गाडीचं पुस्तक वाच, मग आजचा कायदा. आणि घाट आठव. तुम्ही दोघं जाणार आहात ना? एकाने थार चालवत न्यायची.”