रायगड किनाऱ्यावरील मासळीची नमुना-मोजणी आणि यादृच्छिक संख्यांची निवड

प्रस्तावना

रेवस, थळ, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशा बंदरांवर उतरणारी सर्व मासळी दररोज मोजणे शक्य नसते. म्हणून काही दिवस व काही होड्या नमुन्यादाखल निवडाव्या लागतात. ही निवड मोजणाऱ्याच्या सोयीने झाल्यास अंदाज फसतो. डोल जाळ्यांची मासेमारी प्रवाहावर अवलंबून असते आणि उधाण-भांगाचे चक्र सुमारे १४.७७ दिवसांचे असते. केवळ उधाणाचे दिवस निवडले गेले तर आकडा फुगण्याचा संभव असतो.

ऐतिहासिक आढावा

टिपेट यांनी १९२७ मध्ये जनगणनेच्या अहवालांतील ४१,६०० अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी व्ही. जी. पानसे व के. व्ही. आर. शास्त्री यांच्यासह १९५८ मध्ये भारतातील सागरी मासळीच्या नमुना-मोजणीची पद्धती मांडली. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या पद्धतीत महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन गट होतात. पहिल्या पाच दिवसांतून एक दिवस यादृच्छिकपणे ठरतो. तेथून सलग सहा दिवस निरीक्षण होते व दहा दिवसांच्या अंतराने त्याची पुनरावृत्ती होते. हे तीन कालखंड उधाण-भांगाच्या चक्रावर मांडल्यास संपूर्ण चक्र व्यापले जाते, हे या रचनेचे मर्म होय.

संगणकीय संख्याजनकाची निवड

पाचांतून एक दिवस काढण्यास छापील कोष्टकही पुरते. मात्र दिवस, बंदर व होडी लागोपाठच्या तीन संख्यांनी ठरविणाऱ्या आज्ञावलीत संख्याजनकाचा दर्जा निर्णायक ठरतो. १९६० च्या दशकात प्रचलित असलेल्या 'रँडू'ची सलग त्रिके अवघ्या १५ समांतर प्रतलांवर पडतात. त्यामुळे काही जोडण्या कधीच निवडल्या जात नाहीत. मात्सुमोतो व निशिमुरा यांचा १९९८ मधील 'मर्सेन ट्विस्टर' या दोषापासून मुक्त आहे. बीजसंख्या नोंदवून ठेवल्यास त्याची निवड पुन्हा पडताळताही येते. परंतु त्याच्या सलग ६२४ पूर्ण संख्यांवरून पुढील संख्या काढता येतात. म्हणून गुप्तता आवश्यक असलेल्या सोडतीस तो अयोग्य ठरतो.

निष्कर्ष

संख्याजनकाची योग्यता कार्यानुसार ठरते. मोजणीस समतोल व पडताळणी हवी, तर सोडतीस अनाकलनीयता हवी. गैरसोयीचा दिवस निघाला म्हणून पुन्हा संख्या काढली, तर उत्तम संख्याजनकही निरुपयोगी होतो. मासेमारीविषयक धोरणे अशा अंदाजांवर आधारलेली असल्याने त्या चुकीचा भार अखेर कोळी समाजाच्या उपजीविकेवर पडतो.