थंडीचे पैसे

"महाडला थंडी असते?" हा प्रश्न पुण्यात नोकरीला लागल्यापासून मला किमान पन्नास जणांनी विचारला असेल. लोकांच्या डोक्यात महाड म्हणजे चवदार तळं, रायगडाचा फाटा, पावसाळ्यातला पूर आणि मे महिन्यातला जीवघेणा उकाडा. थंडी हा विषयच नाही. माझे बाबा एमआयडीसीत नोकरीला, त्यामुळे माझं लहानपण बिरवाडीत गेलं. डिसेंबरात सकाळी शाळेत जाताना सावित्रीवरून धुकं यायचं, त्यात कंपन्यांच्या बॉयलरची वाफ मिसळायची आणि आम्ही तोंडानं 'सिगरेट ओढत' चालायचो. ती झाली आमची थंडी. पण खरी थंडी आजीकडे, पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत. वर महाबळेश्वर, खाली आम्ही. रात्री गार हवा डोंगरउतारावरून खाली सरकते आणि दरीत साचून राहते (भूगोलात शिकलो होतो, पण आजीच्या पडवीत झोपल्यावर कळलं). पहाटे चारला गोधडीवर घोंगडी घेतली तरी पाय गरम होत नाहीत. माझे नाही होत, तर ऐंशीच्या घरातल्या माणसाचं काय होत असेल?

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला इंग्लंडात. लाज वाटायला हवी, पण आहे ते असं आहे.

झालं असं की २०२४ च्या शेवटी कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी लीड्सला पाठवलं. राहायला एका आजीबाईंच्या घरातली वरची खोली मिळाली. वय ७८, एकट्या, स्वभावानं आपल्या सदाशिव पेठेत खपून जातील अशा. त्या घरात चार खोल्या होत्या आणि हीटिंग फक्त एका खोलीत चालू असायचं. त्या खोलीत त्या मांडीवर पांघरूण घेऊन दिवसभर बसायच्या. मला वाटलं चिक्कूपणा. मग एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं की "यंदा सरकारनं आमचे थंडीचे पैसे बंद केले."

थंडीचे पैसे? मी चक्रावलोच. त्या विकेंडला बाकी सगळं सोडून हेच वाचत बसलो.

तर मंडळी, ब्रिटनमध्ये म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला सरकार वेगळे पैसे देतं. १९९७ साली गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना हे सुरू झालं. पहिल्या वर्षी बहुतेकांना २० पौंड, गरिबांना ५० पौंड. २००० मध्ये ही रक्कम २०० पौंडांवर गेली, पुढे ऐंशी वर्षांवरच्यांना ३०० झाली. गंमत म्हणजे गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. वय झालं की पैसे. कारण साधं होतं. थंडीत म्हातारी माणसं जास्त मरतात हे आकड्यांत दिसत होतं, आणि अर्ज मागवले की जे खरे गरजू असतात तेच अर्ज करत नाहीत हेही माहीत होतं. २०२४ च्या जुलैमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्‌ज यांनी जाहीर केलं की यापुढे हे पैसे ठराविक गरिबी-भत्ते मिळणाऱ्यांनाच. सुमारे एक कोटी लोकांचे पैसे एका फटक्यात बंद. त्यातला मुख्य भत्ता मिळण्याची एकट्या माणसाची मर्यादा होती आठवड्याला साधारण २१८ पौंड. आमच्या घरमालकीणबाई त्या रेषेच्या जेमतेम वर होत्या. इतका आरडाओरडा झाला की २०२५ च्या जूनमध्ये सरकारनं माघार घेतली आणि वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्या वृद्धांना पुन्हा पैसे सुरू केले. पण मधला तो एक हिवाळा त्यांनी पांघरूण घेऊनच काढला.

एक मजेशीर गोष्ट सांगायची राहिली. बरेच ब्रिटिश म्हातारे रिटायर होऊन स्पेनला वगैरे राहायला जातात आणि तिथंही त्यांना हे पैसे मिळायचे! २०१५ मध्ये सरकारनं तापमानाची अट घातली. ज्या देशाचा सरासरी हिवाळा इंग्लंडच्या सर्वात उबदार भागापेक्षा, म्हणजे नैर्ऋत्य इंग्लंडपेक्षा, गरम असेल तिथल्यांना पैसे बंद. या नियमानं आमची वाडी पहिल्याच फेरीत बाद. पण नियम करणाऱ्यानं आजीच्या घराच्या कुडाच्या भिंती आणि कौलातल्या फटी मोजलेल्या नाहीत. बाहेर बारा अंश असेल तर आतही बाराच असतं की हो.

मग साहजिकच प्रश्न आला की आपल्याकडे असं काही आहे का. सरळ उत्तर म्हणजे नाही. महाराष्ट्रात वृद्धांच्या उबेसाठी सरकारी पैसा या नावाचं खातंच नाही. पण माणसं हजारो वर्षं शेकत आलीयेत, ती कशावर शेकतात, आणि त्यात सरकारनं काय केलं, असं विचारलं तर गोष्ट फार मोठी निघते. आणि ती आमच्याच जिल्ह्यातली आहे.

सुरुवात उलटी आहे. सरकारनं आधी सरपण दिलं नाही, ते काढून घेतलं. १८७८ च्या जंगल कायद्यानं जंगलं राखीव झाली. तोवर डोंगरातला माणूस फांद्या तोडायचा, पाला आणायचा, राब भाजायचा. (राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर पाला, शेण, फांद्या पसरून जाळणं. पोलादपूरकडे अजून बघायला मिळतं.) अचानक ही सगळी चोरी ठरली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला मुंबई इलाख्यासाठी जंगल कमिशन नेमावं लागलं. कुलाबा म्हणजे आत्ताचा रायगड. ओरड तेवढ्यावर थांबली नाही. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळ चिरनेरला लोक जंगल सत्याग्रहाला अक्कादेवीच्या डोंगरावर गेले, पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मा झाले. आपण हे स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात वाचतो आणि पुढे जातो. पण भांडण कशाचं होतं? जंगलावर हक्क कुणाचा याचं, म्हणजे लाकडाचं आणि चाऱ्याचं. थोडक्यात चुलीचं.

स्वातंत्र्यानंतर पेन्शनचा विचार आला तो सरपणाशी संबंध न ठेवता. उत्तर प्रदेशनं १९५७ मध्ये निराधार वृद्धांना पेन्शन सुरू केली, मग एकेक राज्य येत गेलं. महाराष्ट्राची 'संजय गांधी निराधार अनुदान योजना' १९८० ची. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले. अंतुले हे आंबेतचे, म्हसळा तालुक्यातले. आमच्या सावित्रीच्याच काठचं गाव, फक्त खाडीकडे. १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचं नाव रायगड झालं तेही त्यांच्याच काळात. त्यांच्याबद्दल लोक दुसऱ्याच कारणांनी बोलतात, तो विषय इथं नको. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजून पगाराला 'संजय गांधी' म्हणतात. "माझा संजय गांधी आला का रं?" असं पोस्टमनला विचारलेलं मी लहानपणी स्वतः ऐकलंय आणि खूप हसलोय.

आणि वेळही बघा. दोनच वर्षांत, १९८२ ला, गिरणी संप झाला. पोलादपूर-महाडच्या डोंगरातली घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायची. संपानंतर ती आटली. गिरणीतला माणूस गावी परत आला तो पन्नाशीचा, हातात काही नसलेला. तो आणि त्याची बायको म्हणजे पुढच्या वीस वर्षांतले 'निराधार'.

केंद्र सरकार उतरलं १५ ऑगस्ट १९९५ ला. ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिना ७५ रुपये. २००६ मध्ये त्याचे २०० झाले. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचं नाव लागलं आणि ती दारिद्र्यरेषेखालच्या सगळ्या वृद्धांसाठी खुली झाली, २०११ मध्ये वय ६० वर आलं. आता नीट वाचा. केंद्राचा ६० ते ७९ वयासाठीचा वाटा २००६ पासून २०० रुपयेच राहिला. आणि ब्रिटनची मूळ रक्कम २००० पासून २०० पौंडच. दोन्हीकडे आकडा एकदा टाइप केला आणि कॉन्स्टंट म्हणून डिक्लेअर करून टाकला :) आमच्या धंद्यात याला हार्डकोडिंग म्हणतात आणि कोड रिव्ह्यूमध्ये शिव्या पडतात.

फरक राज्य भरून काढतं. श्रावणबाळ योजनेत ६०० रुपये मिळायचे, २०१९ मध्ये १००० झाले, २०२३ मध्ये १५००, केंद्राचे २०० धरूनच. पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १७५०, तेही सगळ्या कुटुंबाचं. एवढ्यात कुठलंच कुटुंब जगत नाही हे दाखला मागणाऱ्यालाही माहीत असतं आणि देणाऱ्यालाही. लीड्सच्या २१८ पौंडांच्या रेषेवर निदान जगता तरी येत होतं.

आता जळणाकडे येऊ. माझ्या मते वृद्धांना उबेसाठी मिळालेली खरी सरकारी मदत म्हणजे रेशनचं निळं रॉकेल. कुणी ती त्या नावानं दिली नाही, पण होती तीच. काळा बाजार ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घातलेला असायचा. आजीकडे ओलं लाकूड पेटवायला वाटीभर रॉकेल लागायचंच. चूल पेटली की पाणी तापतं, आणि कोकणातल्या म्हाताऱ्या माणसाची ऊब म्हणजे दिवसातून एकदा कढत पाण्याची आंघोळ, मग चुलीपुढे बसणं. आमचं हीटिंग ते एवढंच. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी, पांढरी अशी तीन रंगांची कार्डं आली. पुढे गॅस आहे त्याचं रॉकेल बंद झालं. २०१६ पासून केंद्रानं दर २५-२५ पैशांनी वाढवत नेला आणि २०२० पर्यंत सबसिडी शून्यावर आणली. इतक्या हळू की कुणी मोर्चा काढला नाही. लंडनमध्ये एका घोषणेत जे केलं आणि अंगाशी आलं, ते आपल्याकडे पंचवीस पैशांच्या हप्त्यांत पार पडलं.

महाडला सरकारनं फुकट रॉकेल वाटल्याचं मला नक्की माहीत आहे ते २०२१ च्या जुलैतलं. तळिये आणि साखर सुतारवाडीच्या दरडींनंतर, महाड शहर पाण्याखाली गेल्यावर. १० किलो गहू, १० किलो तांदूळ, ५ किलो तूरडाळ, ५ लिटर रॉकेल. पुराला मदत ठरलेली आहे. शीतलहरसुद्धा २०१२ पासून केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहे. पण शीतलहर ठरायला हवामान खात्याचा निकष लागतो, मैदानी भागात १० अंश किंवा खाली. बारा अंशात तीन महिने रोज कुडकुडणं ही आपत्ती नाही.

रॉकेल गेलं, गॅस आला. मे २०१६ मध्ये उज्ज्वला सुरू झाली, २०२४ मध्ये राज्याची वर्षाला तीन सिलिंडर फुकटची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना. मी या योजनांच्या विरोधात अजिबात नाही. आजीचे डोळे धुरानं गेलेत, गॅस चाळीस वर्षांपूर्वी यायला हवा होता. पण गॅसवर शेकता येत नाही. आंघोळीचं पातेलं गॅसवर ठेवायची हिंमत वाडीत कुणालाच होत नाही, सिलिंडर आठवडाभर आधी संपतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये सिलिंडर मुंबईत साडेआठशेच्या वर गेला होता, म्हणजे श्रावणबाळच्या निम्म्याहून जास्त. म्हणून चहा गॅसवर आणि पाणी चुलीवर. २०२४ ची वयोश्री योजनाही मी आशेनं वाचली. ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३००० रुपये, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कंबरेचा पट्टा वगैरेसाठी. यादीत ब्लँकेट नाही.

आजीला यातलं काहीच मिळत नाही, कारण तिचा मुलगा नोकरीला. शेजारच्या काकीला मिळतं. नवरा गिरणीत होता, तोही गेला. पैसे आले का हे बघायला तिला तालुक्याला जावं लागतं. २०२२ पासून पंच्याहत्तरीवरच्यांना एस.टी. फुकट आहे, पण एस.टी. यायला पाहिजे. अंगठा बऱ्याचदा मशीनवर उमटत नाही. चाळीस वर्षं चुलीतले निखारे हातानं सारल्यावर बोटाच्या रेषा कुठल्या राहणार?

लीड्सहून मी आजीला फोन केला तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "तिथं लय थंडी हाय ना रं? शेकायला काय हाय?" मी म्हटलं, भिंतीला पत्र्याचं असतं, त्यात गरम पाणी फिरतं. ती म्हणाली, "म्हंजी बंबच की." म्हटलं हो, बंबच. मग मी विचारलं तुझं काय. तर म्हणाली, बाबांनी कंपनीच्या गेटाबाहेर विकायला असतात त्या मोडक्या पॅलेट टेंपोनं पाठवल्यात, संक्रांतीपर्यंत पुरतील. मी लहान असताना आमचा बंबही त्याच लाकडांवर पेटायचा. त्यांना कसला कसला वास असतो, कुठल्या पिंपाखाली होत्या देव जाणे. मी म्हटलं, आजी, त्या घरात जाळू नको, अंगणात जाळ.

"अंगणात थंडी वाजते रं," ती म्हणाली.