हार्ड डिस्कची आरोग्यतपासणी, कमांड लाइनवरून

हार्ड डिस्क किंवा एसएसडी स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते, त्या कीबोर्डवरून आदेश देऊन वाचणे आणि डिस्कला स्वतःची चाचणी घ्यायला लावणे, अशी ही पद्धत आहे. डिस्क बंद पडण्यापूर्वी इशारा मिळावा आणि माहितीची प्रत काढायला अवधी राहावा, हा तिचा हेतू. सर्व्हरला बहुधा पडदा जोडलेला नसतो. त्यामुळे तेथे दुरून तपासणी करण्याचा हाच सर्वांत सोयीचा मार्ग ठरतो.

इतिहास : आयबीएमने १९९२ मध्ये ९३३७ या डिस्कसंचात बिघाडाचा अंदाज देणारी यंत्रणा आणली. पुढे कॉम्पॅकने डिस्क-उत्पादकांच्या सहकार्याने ‘इंटेलिसेफ’ ही यंत्रणा घडवली आणि १९९५ मध्ये ती मानकासाठी पुढे केली. त्यातून ‘स्मार्ट’ हे समाईक तंत्र रूढ झाले. भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस ॲलन यांनी मायकेल कॉर्नवेल यांच्या ‘स्मार्टस्यूट’वर आधारलेला ‘स्मार्टमॉनटूल्स’ हा मुक्त संच २००२ मध्ये प्रसिद्ध केला. तो लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस या तिन्हींवर चालतो.

कार्यपद्धती : संचातील ‘स्मार्टसीटीएल’ हा आदेश प्रशासकाच्या अधिकाराने चालवतात. मोठ्या लिपीतील ‘-एच’ पर्याय एका ओळीत निकाल देतो, तर छोटे ‘-ए’ सर्व नोंदी दाखवते. ‘-टी शॉर्ट’ने साधारण दोन मिनिटांची चाचणी सुरू होते. ‘-टी लाँग’ने संपूर्ण पृष्ठभाग वाचला जातो, त्याला मोठ्या डिस्कवर कित्येक तास लागतात. चाचणी डिस्कच्या आतच चालत असल्याने काम थांबवावे लागत नाही. यूएसबी पेटीतील डिस्कसाठी अनेकदा ‘-डी सॅट’ हा पर्याय जोडावा लागतो. ‘स्मार्टडी’ ही पार्श्वभूमीवर चालणारी सेवा एरवी दर अर्ध्या तासाने नोंदी पाहते आणि बदल दिसल्यास ईमेलने कळवू शकते.

नोंदींचा अर्थ : प्रत्येक गुणधर्माला प्रमाणित मूल्य, आतापर्यंतचे सर्वांत वाईट मूल्य, उंबरठा आणि कच्चे मूल्य असते. प्रमाणित मूल्य घटत उंबरठ्यापर्यंत आले की धोका मानतात. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्याने राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर, आणि १९८ म्हणजे चाचणीत दुरुस्त न झालेले. यांतील कच्चे मूल्य शून्यावरून वाढू लागले, की डिस्क बदलण्याची तयारी करावी. १९९ वाढत असेल तर आधी केबल तपासावी, कारण दोष बहुधा जोडणीत असतो. काही उत्पादकांच्या क्रमांक १ मध्ये मोठा आकडा असणे स्वाभाविक असते, त्यामुळे कच्च्या आकड्यांची तुलना एकाच मॉडेलच्या डिस्कशी करावी. एनव्हीएमई एसएसडीची नोंद वेगळी असते. तीत झिजेची टक्केवारी आणि शिल्लक राखीव जागा पाहतात.

रायपूरमधील महत्त्व : मे महिन्यात येथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. डिस्क खोलीपेक्षा गरम असते आणि बहुतेक डेस्कटॉप हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंश असते, त्यामुळे वातानुकूलन नसलेल्या दुकानात किंवा कार्यालयात मोकळीक थोडीच उरते. गुणधर्म १९४ मधील तापमान येथे उन्हाळाभर पाहण्याजोगे आहे. उरला आणि सिलतरा या औद्योगिक पट्ट्यांत धूळ साचून पंखे व जाळ्या तुंबल्या, तरी तेच तापमान आधी चढते. छत्तीसगडने २००७-०८ च्या सुमारास धान खरेदी व शिधावाटप संगणकावर आणले. तेव्हापासून शेतकऱ्याच्या पैशाची नोंद डिस्कवर विसंबून आहे. मे २०२५ मध्ये नवा रायपूरमध्ये रॅकबँकच्या एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. अशा केंद्रांत डिस्कची संख्या इतकी असते की एकेका यंत्रापाशी जाऊन तपासणे शक्य नसते, आदेश आणि स्क्रिप्ट यांवाचून पर्याय उरत नाही.

मर्यादा : गूगलच्या पिनेरो, वेबर आणि बारोसो यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कवर चार प्रमुख धोकासूचक नोंदींपैकी एकही आढळली नाही. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक निघालेली डिस्क मात्र पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता ३९ पट होती. तापमानाचा प्रभाव अपेक्षेपेक्षा कमी निघाला, पण तीन वर्षांहून जुन्या डिस्कवर तो जाणवला. म्हणून ‘पास’ हा निकाल अभय देत नाही, आणि धोक्याची नोंद मात्र दुर्लक्षित करता येत नाही. अशी नोंद दिसल्यास आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी आणि लांब चाचणी त्यानंतरच लावावी, कारण ती चाचणी खिळखिळ्या डिस्कवर ताण टाकते.